पूजेला बसलेला स्क्रू ड्रायव्हर

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलं की पहिलीच खोली अंबिका घाडीगावकरांची. उंबऱ्याशी रोज चार ठिपक्यांची का होईना रांगोळी, आणि दुपारची जेवणं आटपली की आतून येणारा पोथीचा आवाज. चाळीतल्या बायकांना घड्याळ बघावं लागत नसे. काकींची पोथी सुरू झाली म्हणजे नळ यायला अजून तासभर अवकाश आहे, एवढं त्यांना पुरे होई.

अंबिकाकाकींचं वाचन म्हणजे आगगाडी नव्हे. ओवी कुठे मोडायची, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर जरा थांबलं की ऐकणारीच्या हातातली मेथी निवडायची राहून जाते, हे त्यांना बरोबर ठाऊक. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर त्या देवघराकडे बोट दाखवतात. "रोज यांच्यासमोर चुकत चुकत वाचलं. हे कधी हसले नाहीत, म्हणून जमलं."

त्यांना खरं तर बालवाडीची बाई व्हायचं होतं. लग्न होऊन कुडाळकडून मुंबईत आल्या तेव्हा दहावी पास होत्या. चाळीच्या मंडळाने तळमजल्याच्या खोलीत बालवाडी काढायचं ठरवलं आणि बाई म्हणून त्यांचंच नाव पक्कं झालं. खडू आले, फळा आला. काकींनी पहिल्या दिवसासाठी फळ्यावर एक कमळसुद्धा काढून ठेवलं. आणि गिरण्यांचा संप लागला. त्या खोलीत संपकऱ्यांना वाटायच्या धान्याची पोती आली. पोती वाहून आणणाऱ्यांत काकींचे यजमान गुणाजीही होते. ते तेव्हा गिरणीत फिटर. फळा पोत्यांच्या मागे गेला तो गेलाच. काकींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. लोकांच्या चुली पेटायला हव्या होत्या. कमळ काय, पुन्हा काढता आलं असतं. फक्त पुन्हा काढायची वेळ आली नाही, एवढंच.

ती वेळ साठी उलटल्यावर आली, आणि आली ती कॉम्प्युटरमधून.

झालं असं, की काकींची मुलगी पूर्वी लग्न होऊन बदलापूरला असते. तिची बालमैत्रीण आकांक्षा, याच चाळीत वाढलेली, दोह्याला नर्स आहे. सासूबाईंनी तिच्या हाती पोथी दिली आणि हिची पंचाईत झाली. शाळा सगळी इंग्रजी. "काकी, जोडाक्षर आलं की मला ठेच लागते हो," फोनवर ती म्हणाली, "आणि सासूबाई समोर डोळे मिटून बसलेल्या असतात. मी चुकले की फक्त भुवई हलते त्यांची." पूर्वीने हे आणखी दोघीतिघींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि बघता बघता कुठकुठल्या मुली-सुना जमा झाल्या. सगळ्या शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, आणि पोथी उघडली की सगळ्या अडखळणाऱ्या. पूर्वीने ठरवून टाकलं: आई शिकवणार, कॉम्प्युटरवरून, दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता पहिला वर्ग. दसरा म्हणजे पाटीपूजनाचा दिवस. शिकवायला याहून चांगला मुहूर्त कुठला असणार?

काकींचा मुलगा वैभव विमानतळावर सामानाच्या खात्यात आहे. घरचा कॉम्प्युटर त्यानेच लॉकडाऊनमध्ये सुटे भाग आणून जोडलेला. त्याने ओव्यांची मोठ्या अक्षरांची पानं तयार करून दिली. पहिल्या पानावर एक कमळ घाल, एवढं एकच काकींनी मागितलं. मग रंगीत तालीम झाली. पान कसं दाखवायचं, कोण बोलतंय ते कसं बघायचं, तोंड बंद करायचं बटण कुठलं. हे शेवटचं काकींना फार आवडलं. "हे आपल्या गॅलरीत बसवता येईल का रे?" त्यांनी विचारलं.

मोबाइलवर त्यांनी बघितलंच नाही असं नाही. पण त्यांचा मोबाइल म्हणजे वैभवने वापरून सोडलेला. मीटिंग सुरू केली की तो तापायचा आणि डोळे मिटायचा. तेव्हा जे काही करायचं ते कॉम्प्युटरवर.

आता या कॉम्प्युटरचं एक सांगायला हवं. तीन घरांनी मिळून एक राउटर घेतलेला, आणि तो शेजारच्या राजाराम मेस्त्रींच्या माळ्यावर. तिथून काकींच्या खोलीत वायर आलेली नाही. येतं ते हवेतून. त्यासाठी सीपीयूच्या पाठीला दोन काळ्या दांड्या आहेत. वैभव त्यांना अँटेना म्हणतो. गुणाजीकाका म्हणतात, कुर्लीचे डेंगे. खेकडा नांग्या उभारून बसतो तसंच ते दिसतंही.

दसऱ्याची सकाळ उजाडली. गुणाजीकाकांसाठी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. गणपतीपेक्षाही, पण हे ते चाळीत बोलून दाखवत नाहीत. गिरणीत असताना दसऱ्याला मागांना झेंडूच्या माळा घालायचे, पाने आणि हातोडे घासूनपुसून ओळीने मांडायचे, आणि एकदा पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून हलवेपर्यंत हत्याराला हात नाही. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, पण काकांचा नियम गेला नाही. उलट तो सगळ्या गॅलरीचा झाला. दसऱ्याला दुसऱ्या मजल्यावर कोणी खिळा ठोकत नाही. काकींची विळीसुद्धा चौरंगावर बसते. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवावी लागते.

"मशीनीक वर्षातसून एक दिस आराम नको?" काका दरवर्षी म्हणतात. आणि काकी दरवर्षी मनात म्हणतात, मशीनला मिळतो हो.

कॉम्प्युटरचं काय करायचं, यावर मात्र आठवडाभर आधी चर्चा झाली होती. पूजेला बसवायचा तर संध्याकाळी वापरायचा कसा? शेवटी काकींनीच तोड काढली. हत्यार वेगळं, पाटी वेगळी. पाटीची पूजा करून त्याच दिवशी तिच्यावर लिहायचं असतं. कॉम्प्युटर ही पाटी. काकांनी डोकं खाजवलं, पण मानलं.

तर चौरंग टेबलाशेजारी मांडला, वायरी पोचतील असा. एका बाजूला पाना, पक्कड, हातोडा आणि लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. दुसऱ्या बाजूला सीपीयू. काकांना त्याचं तोंड पूर्वेला हवं होतं. त्यांनी तो उचलून फिरवला. "अहो, मागे कपाट," काकी म्हणेपर्यंत पाठ कपाटाच्या कडीवर आपटली. चांगली जोरात. एक डेंगा मानेतून वाकला.

"काय्येक झाला नाय," काका म्हणाले, आणि वाकलेल्या डेंग्यावर झेंडूची माळ घालून मोकळे झाले. माळेखाली वाकडेपणा दिसेना, म्हणजे तो नाहीसाच झाला, असं दोघांनीही धरून चाललं. काकींनी हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, दोन्ही हात जोडले. "संध्याकाळी सांभाळून घे," त्या सरस्वतीला म्हणाल्या.

श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. वैभव कधीच ड्युटीवर गेला होता. भांडी आवरून, ठेवणीतली हिरवी साडी नेसून काकींनी कॉम्प्युटर सुरू केला. दिवा लागला, कमळ आलं, पानं आली. नेट येईना. खाली कोपऱ्यात रोज पंख्यासारखी खूण असते, तिच्या जागी एक गोल पृथ्वी आणि तिला नकाराची खूण.

काकींनी वैभवला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, रिस्टार्ट केलंस?"

"दोनदा. नमस्कारही केला."

"नमस्कार राहू दे. राजारामकाकांकडे नेट आहे का?"

"त्यांचा टीव्ही चालू आहे. आत्ताच डोकावून आले."

"म्हणजे राउटर ठीक. आता वाय-फायवर क्लिक कर, आपलं नाव दिसतंय?"

"नाव कसलं, वाय-फायचा रकानाच नाही. काल होता, आज नाही."

वैभवने मग त्यांना एकेक पायरी उतरवत आत नेलं. या बटणावर उजवं क्लिक, ती यादी उघड, तिच्यात नेटवर्क लिहिलंय तिथे बाण दाब. काकी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचत गेल्या. वायरलेस असं तिथे काहीच नव्हतं.

"म्हणजे कॉम्प्युटरला कार्डच दिसत नाहीये," वैभव म्हणाला. "आई, तो कुठे आपटला का?"

काकींनी काकांकडे बघितलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"जरासा," काकी म्हणाल्या.

"जरासा म्हणजे?"

"एक डेंगा वाकलाय."

"मग ठोक्याने आतलं कार्ड खाचेतून वर आलंय. सोपं आहे. बंद कर, प्लग काढ. बाजूचा पत्रा उघड, आत कार्डाचा एक स्क्रू आहे तो सैल कर, कार्ड दाबून सरळ बसव, पुन्हा स्क्रू पिळ. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घे, तो लाल मुठीचा."

दोघांनीही चौरंगाकडे पाहिलं. लाल मुठीचा तो हळदकुंकू लावून, छातीवर झेंडू ठेवून निवांत पडला होता.

"वैभव, आज दसरा आहे," काकी म्हणाल्या.

"मग?"

"स्क्रू ड्रायव्हर पूजेला बसलाय."

पलीकडच्या विमानांच्या आवाजातून वैभव म्हणाला, "बाबांना फोन दे."

"माका नको," काका लांबूनच म्हणाले. "पूजेक बसलेला हत्यार उठवचा नाय. तुझ्या आजोबांन उठवल्यान नाय, मी उठवक नाय."

वैभवचा ब्रेक संपत आला होता, आणि आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याने घाईघाईने आणखी एक उपाय सांगितला: मोबाइल चार्जरच्या वायरने कॉम्प्युटरला जोडायचा आणि मोबाइलमधलं नेट त्याला द्यायचं. काकींनी तेही केलं. नेट आलं. आणि गेलं. वायरसाठी कॉम्प्युटरचं एकच भोक रिकामं, आणि तेच सैल. वायर दोन बोटांनी दाबून धरली तरच चालायचं, आणि जरा छाती वरखाली झाली की तुटायचं. पोथी शिकवायची ती श्वासावर, आणि इथे श्वास घ्यायचीच चोरी.

दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरच वर्ग घ्यावा, तर वर्ग उघडायचा पासवर्ड वैभवच्या डोक्यात आणि मोठ्या अक्षरांची पानं कॉम्प्युटरच्या पोटात. राहता राहिला एक मार्ग. आपला नाही, तर दुसऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर. काकी पदर खोचून गॅलरीत निघाल्या.

राजाराम मेस्त्री सुतार. त्यांच्या घरी तर दरबारच भरला होता. करवती, रंधे, पटाशा, उंचीप्रमाणे लावलेले सगळे स्क्रू ड्रायव्हर, आणि भोवती रांगोळी.

"काय हवं ते मागा काकी, आज हत्यार मागू नका," राजाराम हात जोडून म्हणाले. पण डोळे हसत होते. "तुमच्याच घरचा कायदा. गेल्या दसऱ्याला मी सायकलची चेन बसवायला पाना उचलला, तर गुणाजीकाकांनी भर गॅलरीत माझी खरडपट्टी काढली होती. शेजारी ऐकत होते. सासरे ऐकत होते."

"आठवतंय हो मला."

"मलाही आठवतंय."

खाली मयूरचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शटर अर्धं खाली, काउंटरवर सगळी बारीक हत्यारं एका ताटात, त्यावर आपट्याची पानं. मयूर म्हणाला, "काकी, दोन मिनिटांचं काम. पण पप्पांनी पूजा केलीय, मी हात लावला तर मला घरात घेणार नाहीत. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

"उद्या दसरा नसतो रे."

"तेच ना."

मग काकींना अजित आठवला. गॅलरीच्या पार टोकाला अजित आणि वैशाली राहतात. त्यांच्यात हत्यारांची पूजा नसते. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर आजही मोकळाच असणार. काकी लगबगीने गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पांढरे कपडे घालून सकाळीच गेले दोघं चैत्यभूमीला. त्यांचाही आज मोठा दिवस. संध्याकाळ होईल."

काकी परत आल्या आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर कमळ होतं. त्यांना देवाचा राग आला नाही आणि नवऱ्याचाही आला नाही. राग कशाचा यायचा? नियम चांगलाच होता. वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस कोणी उठवू नये, हे त्यांनाही मनापासून पटत होतं. नाहीतर त्यांनी विळी चौरंगावर कशाला ठेवली असती? पण समोर पाटी होती आणि तिच्यावर आज लिहायचं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असलं की माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. त्यांनी पूर्वीला फोन लावला.

"पूर्वी, सगळ्यांना सांग, बाई आज येणार नाहीत."

"आई, अजून वेळ आहे. मी इतक्यात काही सांगत नाही."

"सांगून टाक. पहिल्या दिवशी मुलं तयार होऊन बसतात ग. बाई आल्या नाहीत हे त्यांच्या लक्षात राहतं."

"मुलं कसली आई, आकांक्षाला अडतिसावं लागलंय."

"मग जास्तच लक्षात राहील."

गुणाजीकाका गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते. फोन संपला तसे ते आत आले. पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ ते कमळच बघत होते.

"ता फळ्यावर काढललंस," ते म्हणाले, "ता खंयच्या रंगाचा होता?"

काकींना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पांढरंच. गुलाबी खडू आला नव्हता. तुम्ही बघितलं होतंत?"

"बघितलंय मा. पयली पोती मीच टाकलंय तेच्या फुडे."

एवढं बोलून काका मोरीत गेले. हातपाय धुतले, खुंटीवरची टोपी घातली, तबकातला नारळ उचलला आणि चौरंगासमोर उभे राहून त्यांनी भिंतीवर थाप मारली.

"राजाराम, हंय ये रे. होय म्हणाक माणूस व्हयो."

घाडीगावकरांचं एक आहे. गावात देवळासमोर उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. सगळ्या गावाच्या वतीने एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मुंबईत काका वर्षातून एकदा, गणपतीत, ते घालतात. दसऱ्याला स्क्रू ड्रायव्हरसमोर घातल्याचं कोणी ऐकलेलं नाही. राजाराम आले, त्यांची बायको आली, पाठोपाठ गॅलरीतल्या चारसहा जणी दारात जमल्या. काकी उठून उभ्या राहिल्या.

काकांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या देवा."

"होय म्हाराजा," राजाराम म्हणाले.

"आज दसऱ्याच्या दिसाक आमी ह्या हत्यारांची पूजा केली. वर्षभर तेंनी कष्ट केल्यानी. आज तेंचो आरामाचो दिस, ह्या माका मान्य आसा."

"होय म्हाराजा."

"पण ह्या घरच्या मालकिणीन आज शाळा मांडल्यान हा. पोरी वाट बघतत. आणि तेंची पाटी बंद पडली हा. ती मी आपटलंय म्हाराजा, दुसऱ्या कोणी नाय."

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. राजारामांचा हुंकार जरा जास्तच जोरात आला.

"तर ह्या एका स्क्रू ड्रायव्हराक घटकाभर उठवची परवानगी दी. काम झाला की जाग्यार परत बसवतंय, आणि उद्या तेका येगळो नारळ देतंय. राजारामाक मी गेल्या दसऱ्याक बोललंय, ता पण पोटात घाल. आणि जा काय वाकडा झाला हा, ता सरळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आता सगळ्यांनीच म्हटलं. काकींनी चौरंगावर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि काकांनी लाल मुठीचा उचलला. झेंडू आधी बाजूला ठेवला, हळूच, झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढावा तसा.

प्लग काढला, पत्रा उघडला. आत बघतात तर काय, तळाशी पिवळ्या-लाल तांदळाचा सडा. दरवर्षी काकी वरून अक्षता टाकायच्या आणि त्या जाळीतून आत जायच्या. सगळे दसरे आत साठलेले.

"काकी, आतमध्ये तर पुलाव झालाय," राजाराम म्हणाले.

कार्ड लगेच सापडलं. ज्याला दोन डेंगे, तेच ते. एका बाजूने चांगलं वर आलेलं. काकांनी स्क्रू सैल केला, अंगठ्याने कार्ड दाबलं, पुन्हा पिळलं. प्लग लावला, कॉम्प्युटर सुरू केला. सगळे मान पुढे काढून कोपऱ्यातल्या पृथ्वीकडे बघत राहिले. पृथ्वी होती तिथेच.

"गाऱ्हाणं लांबचं होतं," राजाराम म्हणाले. "पोचायला वेळ लागेल."

"गप रे," काका म्हणाले. पण त्यांनी पुन्हा प्लग काढला. या वेळी स्क्रू पूर्ण काढून कार्डच बाहेर घेतलं आणि चष्मा कपाळावर सारून खाचेत वाकून बघितलं. "दिवो दाखव गे."

काकींनी मोबाइलचा उजेड धरला. खाचेच्या एका टोकाला, अगदी आत, हळदीने पिवळा झालेला एक तांदूळ उभा अडकला होता. सकाळी कार्ड उचललं गेलं, तेवढ्यात वरून अक्षता पडल्या, आणि एक बरोबर त्या फटीत जाऊन बसली.

काकी त्या तांदळाकडे बघतच राहिल्या. "म्हणजे आपटलं तुम्ही, आणि अडकवलं मी," त्या म्हणाल्या.

"ता गाऱ्हाण्यात घालूक नको होता?" काका म्हणाले. बऱ्याच वेळाने पहिल्यांदाच हसले.

तांदूळ काढायचा कशाने? लोखंड नको, असं वैभव नेहमी सांगायचा. काकींनी देवघरातून विझलेली उदबत्ती आणली. बांबूची ती बारीक काडी काकांनी खाचेत घातली आणि तांदूळ अलगद वर काढला. काकींनी तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि तुळशीत टाकला. मग काकांनी कार्ड बसवलं. या वेळी टक् असा आवाज आला. गिरणीत ज्याने उभी हयात काढली त्याला त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. "बसला," ते म्हणाले.

पंख्याची खूण उमटली. मंद, दोनच पाकळ्यांची. वाकलेल्या डेंग्याची मान पडत होती. काकींनी पूजेची नाडाछडी घेतली आणि तो सरळ करून शेजारच्या डेंग्याला बांधून टाकला, लाल-पिवळ्या गाठीने. खूण भरली.

पाचाला सगळ्या एकेक करून पडद्यावर आल्या. कोणी ऑफिसातून, कोणी स्वयंपाकघरातून. आकांक्षा गणवेशातच होती. ड्युटी बदलून घेतलेली, आणि मागे सासूबाई बसलेल्या, डोळे मिटून. काकींनी काय काय बोलायचं ते आठवडाभर पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. मग त्यांनी बाई करतात तेच केलं. एकेकीचं नाव घेतलं.

"आकांक्षा."

"हजर, बाई."

पुढच्यांनीही हसत हसत तसंच म्हटलं. काकींचा आवाज जागेवर आला. त्यांनी पान दाखवायचं बटण दाबलं आणि कमळ सगळ्यांच्या घरी उघडलं, दोह्यापासून बदलापूरपर्यंत.

काकांनी पत्रा लावून झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर पुसला, पुन्हा चौरंगावर ठेवला, नवं हळदकुंकू लावून त्याचा झेंडू त्याला परत दिला. मग कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने दाराशी पाटावर बसले.

आकांक्षा पहिली ओवी वाचत होती. तिसऱ्याच शब्दाला जोडाक्षर आलं आणि तिला ठेच लागली. मागे सासूबाईंची भुवई हलली.

"थांब," काकी म्हणाल्या. "घाई नाही. आधी अर्धं अक्षर जिभेवर ठेव, मग पुरं घे. आणि त्याच्याआधी श्वास. घे बघू."

आकांक्षाने श्वास घेतला. काकींनीही घेतला, चांगला पोटभर. नेट तुटलं नाही.

तेवढ्यात दारात पांढऱ्या सदऱ्यातला अजित उभा. चैत्यभूमीवरून आत्ताच आलेला, कपाळावर घाम, हातात फुलीचा स्क्रू ड्रायव्हर.

"काका, काकी शोधत होत्या म्हणे," तो म्हणाला. "खाली मयूरने सांगितलं, म्हणून धावत आलो."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शाळा भरली हा," ते हळूच म्हणाले, आणि पाटावर सरकून त्याला जागा करून दिली. "बस. पण गप बस. बाई कडक आसत."